ज्या भाषेत मी नव्हते

तुमच्या तेराव्याला आलेले पाहुणे परवा गेले. निघताना माझ्या धर्माबादच्या भावानं उंबऱ्यात उभं राहून सगळ्यांसमोर म्हटलं, गुरुजींची लेक म्हणून अशा खेड्यातही तिनं पोरीला शिकवलं, नाहीतर मळ्यातल्या घरात कोण एवढं करतं. बायांनी माना हलवल्या. मी पदर पुढं ओढला आणि गप्प राहिले. दुःखानं गप्प आहे असं त्यांना वाटलं असेल. तसं नव्हतं. भाऊ बोलला ते खोटं होतं, हे मला ठाऊक होतं आणि तुम्हाला ठाऊक होतं, आणि आता तुम्ही बोलणार नव्हता.

खरं तर असतानाही बोलला नाहीत. हे खोटं गावभर तुम्हीच पसरवलंत. कुठं लग्नाकार्यात कुणी पोरीचं विचारलं की तुमचं ठरलेलं, "तिच्या मायनं शिकवलं. आपून काय, चौथी." आपली संगीता निर्मलच्या कॉलेजात डिग्रीला गेली तेव्हाही तेच सांगत होतात. मी शेजारी उभी असायचे. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे आणि ते कौतुक मला गिळताही येत नसे, नाकारताही येत नसे. म्हणून आज लिहायला बसले आहे. एवढी वर्षं मला तुमचा हेवा वाटत होता. नवऱ्याचा हेवा, तोही पोटच्या पोरीवरून. हे दुसऱ्या कुणाला सांगायचं?

संगीताचं लक्ष लागत नाही हे मला ती पाच वर्षांची असतानाच कळलं होतं. बासरला सरस्वतीच्या देवळात अक्षराभ्यासाला नेलं, तेव्हा पुजारी तिचं बोट धरून तांदळात अक्षर काढत होते आणि ही मान वळवून माकडांकडं बघत होती. तुम्ही हसलात. मी नाही हसले. माझे वडील शाळामास्तर, मी मराठी शाळेत दहावी झालेली, आणि माझी मुलगी पहिलंच अक्षर न बघता गिरवते आहे, हे मला अपशकुनासारखं वाटलं.

आपलं गाव तेलुगू मुलखातलं, गावात मराठी शाळा पाचवीपर्यंतच होती. ती पाच वर्षं तिचा गृहपाठ माझ्या ताब्यात होता. रोज संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी मी तिला घेऊन बसे. बेरजेतला हातचा धरेपर्यंत गिरणीचा पट्टा थांबल्याचं तिला ऐकू येई. कविता म्हणता म्हणता मध्येच विचारी, मुंग्यांना परतीची वाट कशी सापडते. मी वडिलांनी आम्हाला लावलेली रीत काढली आणि तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी तुम्ही मळ्यातून आलात, पाय धुतलेत, आणि तिनं तुम्हाला हाक मारून भिंतीच्या पोपड्यांत सापडलेला उंट दाखवला. त्या उंटाला तिनं नावसुद्धा ठेवलं होतं. तुम्ही खाली बसून खरोखरच उंट शोधायला लागलात. मी तिच्या मांडीला चिमटा काढला, तो खरं तर तुम्हाला होता.

त्या दिवशी आपण भांडलो. मी म्हणाले, या मुलीचं लक्षच नाही. तुम्ही म्हणालात, "लक्ष नाही असं नाही. लक्ष हाये तिचं. दुसरीकडं हाये." मी म्हणाले, दुसरीकडं आहे म्हणजेच नाही. तुम्ही टोपी झटकलीत आणि वांग्यांना पाणी द्यायचं राहिलं म्हणून निघून गेलात. हे भांडण पुढं किती वेळा झालं आणि दर वेळी तुम्ही असेच उठून गेलात. ते कधी मिटलं नाही.

मग सहावी आली. सहावीला मुधोळला जावं लागे आणि तिथं सगळं तेलुगूत. पहिल्या दिवशी संगीता आली, दप्तर टाकलं आणि बाहेर पळाली. मी पुस्तक उघडलं. अक्षरं सगळी गोल, सगळी बहिणी-बहिणी वाटावीत अशी. मी पानं उलटली, चित्रं बघितली, मिटून ठेवलं. दहावी शिकलेली बाई, आणि मला माझ्या पोरीच्या पुस्तकाचं नावसुद्धा वाचता येईना. त्या दिवशी भाकरी करताना माझा हात दोनदा भाजला.

तुम्हाला तेलुगू बोलता येत होतं. लहानपणापासून बाजारात भाजी घेऊन बसलेला माणूस. पण वाचायला एक अक्षर येत नव्हतं. तुम्ही ते पुस्तक मांडीवर घेतलंत आणि संगीताला हाक मारून विचारलंत, हे काय लिहिलंय. ती म्हणाली, मला नाही माहीत, मी नव्हते ऐकत. मी असते तर तिथंच एक धपाटा दिला असता. तुम्ही म्हणालात, "मंग उद्या आयकून ये. मले शिकायचं हाय."

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून पळत आली. रस्त्यात कुठं थांबली नाही. दप्तर न टाकता तुम्हाला शोधत मळ्यात गेली आणि बांधावर काडीनं चार अक्षरं काढून दाखवली. परत येताना तुम्ही दोघं ती अक्षरं मोठ्यानं घोकत आलात. घरी एक विद्यार्थी वाट बघत बसलाय म्हटल्यावर तिला शाळेत ऐकावंच लागे. ती कडक मास्तरीण निघाली. तुम्हाला तेलुगूतल्या 'प' आणि 'व' मध्ये फरक कधी कळला नाही. मला बरेच दिवस शंका होती की तुम्ही मुद्दाम चुकता. चुलीपुढून मी बारीक लक्ष ठेवून होते. पण नाही, तुम्ही खरेच चुकत होता. कपाळावर घाम यायचा तुमच्या. जी मुलगी माझ्यापुढं पाच मिनिटं बसत नव्हती, ती तुमच्यापुढं तास तास मांडी घालून बसे आणि म्हणे, "बाबा, इकडं लक्ष द्या."

मला वाटायचं, हे माझं होतं. शिकवणं हे माझ्या माहेरचं. हे या घरात मी घेऊन आले. तुमच्याकडं मळा होता, भावकी होती, गाव होतं. माझ्याकडं एवढंच होतं आणि तेही तुम्ही, स्वतःला काही येत नसताना, नुसतं समोर बसून घेतलंत.

तुम्ही दोघं तेलुगूत हसायला लागलात तेव्हा फार झालं. मी आतून विचारायचे, काय झालं? संगीता म्हणायची, काही नाही आई, तुला नाही समजणार. ती सहज म्हणे. तुम्ही लगेच मराठीत सांगायला लागायचात, पण समजावून सांगितलेल्या गमतीत काय राहतं? एकदा तुम्ही म्हणालात, तूपण बस ना. मी म्हणाले, मला नको ती भाषा. मराठी घरात जन्मले, मराठीत मरेन. तुम्ही पुन्हा म्हणाला नाहीत. आणखी एकदा म्हणायला हवं होतं तुम्ही. मी बसले असते.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. दाराच्या आतल्या बाजूला संगीतानं खडूनं तेलुगूत तीन शब्द लिहून ठेवले होते. मी सारवताना ओल्या फडक्यानं पुसून टाकले. संध्याकाळी ती रडायला लागली तेव्हा कळलं, ती आपली तिघांची नावं होती. तुम्हाला सांगितलं, पाणी उडालं. त्यातलं माझं कुठलं होतं, तेवढंही मला पुसताना ओळखता आलं नव्हतं.

सातवीच्या सहामाहीत तिला गणितात कमी गुण पडले. तेलुगूत मात्र वर्गात दुसरी. मला पाहिजे ते कारण मिळालं. दिवाळीला भाऊ आला तेव्हा मी त्याच्याशी बोलून ठरवूनच टाकलं, पोरगी धर्माबादला जाईल, आजोबांच्या हाताखाली मराठीत शिकेल, भाषेचा गोंधळ संपेल. तुम्हाला मी ठरल्यावर सांगितलं. तुम्ही मिरच्या निवडत होतात. निवडत राहिलात. मग विचारलंत, "तिले इचारलं का?" मी म्हणाले, असल्या गोष्टी लेकरांना विचारत नाहीत. त्यावर तुम्ही म्हणालात, "तू शिकलेली हायेस. तुले जास्त समजते." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही ते खरंच मानत होता आणि मी त्याचा फायदा घेतला. पोरीचं भलं म्हणून नाही धाडलं मी तिला. तुमच्यापासून काढून घ्यायचं म्हणून धाडलं.

बासर स्टेशनवर तुम्हीच तिला गाडीत बसवलंत. ती रडली नाही. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, फलाटावर एक लंगडं कुत्रं होतं, गाडी हलेपर्यंत त्याच्याकडंच बघत होती. एवढं सांगून तुम्ही मळ्यात गेलात.

मला वाटलं होतं, आता तुमच्या संध्याकाळी माझ्या होतील. तुम्ही तिची जुनी वही घेऊन ओट्यावर बसायचात आणि एकटेच गिरवायचात. मी म्हणाले, मी तुम्हाला इंग्रजी शिकवते. तुम्ही हो म्हणालात. पहिल्या दिवशी मी तुमची बोटं धरून अक्षर सुधारलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही चुकलात तेव्हा माझ्या तोंडून निघालं, लक्ष कुठं आहे तुमचं. तिसऱ्या दिवशी तुम्हाला मळ्यात काम निघालं. चौथ्या दिवशीही निघालं. मग मी पाटी उचलून ठेवली.

तिची पत्रं यायची, निळी इनलँड. वर माझ्यासाठी मराठीत दोन ओळी, मी बरी आहे, काळजी करू नको. खाली तुमच्यासाठी तेलुगू. तुम्ही उंबऱ्यात बसून बोट फिरवत, ओठ हलवत एकेक अक्षर लावायचात. पाच ओळींना अर्धी दुपार. मी विचारलं की म्हणायचात, "बरी हाये मन्ते." बरी आहे सांगायला पाच ओळी कशाला लागतात, हे मला विचारवत नसे.

उन्हाळा लागायच्या सुमारास एक पत्र आलं, तेव्हा तुम्ही भैंशाच्या बाजाराला गेला होता. मी उघडलं. त्यात मराठीची एकही ओळ नव्हती. वरपासून खालपर्यंत तेलुगू. मी ते कितीतरी वेळ हातात धरून बसले. माझ्यासाठी 'बरी आहे' एवढंसुद्धा नाही. मी ते घडी करून तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली घातलं. फाडलं नाही. एवढंच मनात होतं की तुम्हाला ते आज मिळू नये. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात, लई दिवस झाले पोरीचं पत्र नाही. मी उठले, डब्यातून काढलं, डाळ झटकली आणि म्हणाले, आजच आलं.

तुम्ही वाचायला घेतलंत. तिसऱ्या ओळीपाशी बोट थांबलं. मग पत्र उलटून पोस्टाचा शिक्का बघितलात. आकडे तर तुम्हाला चौथीपासून येत होते. तुम्ही शिक्का बघताना मी तुम्हाला बघत होते, हेही तुम्हाला कळलं. ताट तसंच ठेवून तुम्ही उठलात, चपला घातल्यात आणि धर्माबादची गाडी धरायला बासरला गेलात. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला खांद्यावर घेऊन आलात. तेरा वर्षांची पोर, खांद्यावर. रोज दुपारनंतर ताप चढत होता तिला. ती पुस्तकावर मान टाकायची आणि माझे वडील समजायचे, अभ्यासाचा कंटाळा. तिनं तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला लिहिलं होतं, बाबा, रोज ताप येतो, न्यायला या.

डॉक्टर म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. तिला उठून बसायला महिना लागला, सातवीचं वर्ष गेलं. तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही, पुढच्या आठ वर्षांत नाही. भांडणात माणूस काहीही काढतो. तुम्ही ते काढलं नाहीत. मी तयारी करून बसले होते, काय बोलायचं, कसं रडायचं. ते सगळं माझ्यातच राहिलं. तुम्ही मला माफ केलं होतं की माझ्याशी त्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही असं ठरवलं होतं, हे मला आजही माहीत नाही.

ती पुन्हा मुधोळच्या शाळेत जायला लागली आणि तुम्ही दोघं पुन्हा ओट्यावर बसायला लागलात. मी मध्ये आले नाही. दहावीच्या गणितात ती एकदा नापास झाली, तेव्हाही नाही. हेवा कमी झाला म्हणून नाही. आता मला त्याची भीती वाटत होती. बाजारातून येताना तुम्ही बसची तेलुगू पाटी मोठ्यानं वाचलीत त्या दिवशी बसमधले लोक हसले, संगीतानं टाळ्या वाजवल्या, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला तुमचा अभिमान वाटला होता. तो दाखवला असता तर काय बिघडलं असतं?

एक मात्र खरं. पोरीच्या शिकण्याचं श्रेय माझ्या नावावर तुम्ही केलंत. ज्या बाईनं पत्र दडवलं, तिच्याबद्दल तुम्ही चार लोकांत सांगत राहिलात की मायनं शिकवलं. दुसरा कुणी असता तर... जाऊ द्या.

आता दवाखान्याचं. निजामाबादला नेलं तेव्हा तुमचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. संगीता निर्मलहून थेट तिथं आली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तुमच्या पायाशी बसले होते, ती उशाशी. तुम्ही बराच वेळ डोळे मिटून होतात. मग उघडलेत, माझ्याकडं बघितलंत, आणि मान तिच्याकडं वळवून तिच्याशी बोललात. तेलुगूत. एकच वाक्य, हळू. तिनं हं म्हटलं. तुम्ही पुन्हा डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही कुणाशीच काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताना गेलात.

त्या वाक्यात 'अम्म' होतं. एवढं मला समजत होतं. आणि शेवटी 'तिनं' असं काहीतरी. आईनं, तिनं. मला वाटलं, तुम्ही सांगितलंत. आठ वर्षं पोटात ठेवलेलं जाता जाता तिच्या पदरात टाकलंत, की पत्र वेळेवर आलं होतं, आईनं दडवलं. तुमचं प्रेत घरी आणताना, तिसऱ्या दिवशी, दहाव्याला, मी पोरीच्या तोंडाकडं बघत होते. ती माझ्याशी नेहमीसारखीच होती. त्यानं मला आणखीच भीती वाटे. आणि भीतीच्या खाली तेच जुनं. बावीस वर्षांचा संसार माझा, आणि शेवटचा शब्द तिला. माझ्याकडं बघून तिला.

काल घरात दोघीच होतो. ती अंगणात धुणं वाळत घालत होती. मी जाऊन विचारलं, बाबा त्या दुपारी तुला काय म्हणाले?

ती थांबली. हातातली ओली चादर तशीच राहिली. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती लहानपणी रडायची तशी रडायला लागली. "आई, मला नाही माहीत," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं." दवाखान्याच्या खिडकीबाहेर एक बाई बाळाला नळाखाली आंघोळ घालत होती, बाळ ओरडत होतं, आणि ही तिकडं बघत होती. तुम्ही काहीतरी बोललात एवढं कळलं, तिनं हं म्हटलं. नंतर विचारू असं तिला वाटलं, आणि मग तुम्ही बोललाच नाहीत. तेव्हापासून तिला झोप नाही. बाबांचं शेवटचं बोलणं, आणि मी ऐकलं नाही, असं ती म्हणत राहिली.

लक्ष कुठं असतं तुझं, असं मी एकदाही म्हटलं नाही. तिच्या हातातली चादर घेऊन दोरीवर टाकली. मग मी तिला ते वाक्य म्हणून दाखवलं. मला अर्थ कळत नव्हता, पण एकेक आवाज कानात जसाच्या तसा होता. सोळा दिवस मी तेच घोकत होते. "मी अम्म पोद्दुगाल नुंची एम् तिनले."

तिनं मला परत म्हणायला लावलं. मी परत म्हटलं. तिनं एका शब्दावर माझा उच्चार सुधारला, अगदी तुमचा सुधारायची तसा. मग ती खाली दगडावर बसली आणि तिनं मला मराठीत सांगितलं.

तुझ्या आईनं सकाळपासून काही खाल्लं नाही.

तेवढंच. पत्र नाही, शिक्का नाही. 'तिनं' म्हणून मी जे ऐकलं, ते खाल्लं नाही असं होतं. आणि खरंच नव्हतं खाल्लं मी. तुम्हाला पायाशी बसलेल्या माझ्याकडं बघूनच ते कळलं होतं. मला विचारलं असतंत तर मी जेवले म्हणाले असते. म्हणून मला समजणार नाही अशा भाषेत तिला सांगितलंत.

पण ती तर खिडकीबाहेर बघत होती हो. ऐकत मीच होते.